हरिपूरचे पेव आणि महाबळेश्वरची शेगडी

सांगलीपासून जवळच, कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर वसले आहे. भाविक तेथे संगमेश्वरासाठी जातात. आपल्या व्यापारी घराण्यांना मात्र हे गाव परिचित आहे ते हळदीच्या पेवांमुळे. जमिनीच्या पोटात खणलेली, तोंडाशी अरुंद व आत प्रशस्त अशी ही कोठारे. हळद भरून तोंड बंद केले की माल दीर्घकाळ टिके. 2005 च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे पाण्याखाली गेली.

पेवाचा एक नियम आम्ही पेढीवरील वडीलधाऱ्यांकडून लहानपणीच ऐकला होता. तोंड उघडताच आत उतरायचे नाही. ते काही तास मोकळे ठेवायचे, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. ज्योत तेवत राहिली तर माणूस उतरेल; मालवली तर कोणी उतरणार नाही. बंद पेवात हळद टिकते, परंतु प्राणवायू उरत नाही.

या नियमाची आठवण झाली ती महाबळेश्वरी, कृष्णेच्या उगमस्थानी. साडेचार हजार फूट उंचीवरील पौषातली ती रात्र. मुले कुडकुडू लागली म्हणून कोळशाची शेगडी खोलीत आणली, खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत चादर कोंबली. मध्यरात्री घरच्यांचे डोके ठणकू लागले. धाकट्याला उलटी झाली. आम्ही थंडीला दोष देत होतो. इतक्यात मामा उठले, दार सताड उघडले आणि सर्वांना अंगणात नेत म्हणाले, “अरे, या खोलीचं पेव केलंत तुम्ही!”

खरे तर आमची खोली पेवाहूनही फसवी होती. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. पेवात कंदील इशारा देतो. येथे दिवा शांतपणे तेवत असतानाही माणूस निजल्या जागी जाऊ शकतो.

परतीच्या वाटेवर पाचगणीस एका स्नेह्यांच्या नव्या घरी थांबलो. त्यांच्या दिवाणखान्यात न्हाणीघरातील बंबाची आठवण व्हावी अशी लोखंडी बंद शेगडी होती. धूर धुराड्यातून छपराबाहेर जात होता आणि जळणाला लागणारी हवा भिंतीतून आणलेल्या स्वतंत्र नळीने थेट बाहेरून येत होती. त्याचे कारण त्यांनी सांगितले. एक किलो कोरडे लाकूड जळण्यास किमान पाच घनमीटर हवा लागते. ती खोलीतून घेतली तर तेवढीच थंड हवा फटींतून आत शिरते, म्हणजे ऊब वाया जाते. फटी बुजवल्या, त्यात स्वयंपाकघरातील पंखा हवा बाहेर ओढू लागला, की धुराड्यातील धूर उलटा खोलीत उतरतो. बाहेरची नळी असली म्हणजे अग्नीला त्याचा वाटा मिळतो, आपल्याला आपला.

नळीच्या तोंडावर बारीक जाळी होती, कीटक आत जाऊ नयेत म्हणून. जळणही प्रत्येक वेळी झटकून, निरखून मगच आत घातले जाई. आपल्या शास्त्रांनी अग्निकाय व वायुकाय जीवही मानले आहेत. गृहस्थाला आरंभ पूर्णतः टळत नाही, पण तो यत्नाचाराने व्हावा, हे त्या घरी प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ही नळी धुराडे असलेल्या बंद शेगडीसाठीच आहे. उघड्या कोळशाच्या शेगडीला असा कोणताही उपाय नाही. ती निजण्याच्या खोलीत नेऊच नये. हिवाळ्यात आपली कुटुंबे यात्रेस व थंड हवेच्या ठिकाणी जातात. धर्मशाळेत कोणी प्रेमाने शेगडी आणून दिली, तर तिच्यापाशी अंगणातच शेकावे आणि आत जाऊन एक पांघरूण अधिक घ्यावे.