अळीचे पाय



शब्द आणि वस्तू यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे आपण भाषाविज्ञानाच्या आरंभीच्या पाठांत वाचले आहे. हा सिद्धान्त मी अनेक वर्षे शिकवीत आलो. त्याला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे, हे मात्र मुळ्याच्या एका वाफ्याने मला शिकविले.

कर्जतच्या संपर्कसत्रांना खालापूर तालुक्यातील, पाताळगंगेकाठचे एक शेतकरी विद्यार्थी येत असत. भातकापणीनंतर ते वाल पेरीत आणि थोड्या जागेत मुळा लावीत. एके वर्षी मुळ्याच्या पानांची चाळण झाली. "सर, काळपट अळी आहे. हात लावला की अंग मुडपून खाली पडते," असे त्यांनी सांगितले. मी 'अळी' एवढाच शब्द ऐकला. अळी म्हणजे फुलपाखराचे किंवा पतंगाचे पिल्लू, असे गृहीत धरून मी बीटी जिवाणूंचे औषध सुचविले. त्यांनी ते दोनदा फवारले. अळी तशीच राहिली आणि वाफा गेला.

पुढच्या सत्राला ते बाटलीत चार अळ्या घेऊन आले. "पोटाखाली पायांच्या आठ जोड्या आहेत," ते म्हणाले. फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्यांना असे मांसल पाय सहसा पाच जोड्यांहून अधिक नसतात. ही मोहरीवर्गीय पिकांवरील करवत माशीची अळी होती. मादी करवतीसारख्या अवयवाने पानाच्या कडेला चीर पाडून तीत अंडी घालते. तिचे नाते मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी यांच्याशी आहे. म्हणून पतंगवर्गीय अळ्यांसाठीचे बीटी तिच्यावर चालत नाही. सकाळ-संध्याकाळ अळ्या वेचून नष्ट करणे, हा बिनखर्चाचा उपाय वेळीच करता आला असता.

'अळी' या एका शब्दात आपली भाषा अनेक कुळे सामावून घेते. 'माशी'चेही तसेच: घरमाशीला दोन पंख, मधमाशीला चार. हा भाषेचा दोष नव्हे. जेथे नाव अपुरे पडते तेथे बोलणारा वर्णनाने ते पुरे करतो. त्या गृहस्थांनी ते पहिल्याच दिवशी केले होते. ऐकण्यात मी कमी पडलो, आणि तसे त्यांना सांगितलेही.

नाव यादृच्छिक असेल. नावावरून काढलेल्या निष्कर्षाची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते. आपण शेत, घर, नोकरी सांभाळून शिकत आहात. पुस्तकातील संज्ञा आपल्या अनुभवाशी जुळत नसेल, तर तो अनुभव उत्तरपत्रिकेत आवर्जून लिहा.