भरली ढबू मिरची आणि दिवसाचा उजेड

बटाटा नाही, कांदा-लसूण नाही, वांगे बहुबीज म्हणून नाही. मराठवाड्यात भरली भाजी म्हटली की जे जे पहिल्यांदा आठवते ते सारे असे बाजूला झाल्यावर जैन गृहिणीच्या हाती कारले, तोंडले, दोडका एवढेच उरते. आणि हिवाळ्यात बाजारात ढीग लागले की ढबू मिरची. पुण्या-मुंबईकडे हिला सिमला किंवा भोपळी मिरची म्हणतात. उमरग्याच्या बाजारात, जिथे मराठीच्या जोडीला कन्नडही कानी पडते, तिथे ती ढबूच. काही घरांत तिच्याही बिया मोजून तिला वर्ज्य ठरवतात. ज्याचा त्याचा नियम.

मिरचीचे सारे कूळच परदेशी. अमेरिका खंडातून निघून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि मग असा काही मुक्काम केला की तिच्याशिवाय आपले पान वाढलेच जात नाही. तिच्या पोटात भात भरण्याची रीत तुर्कस्तानात फार लोकप्रिय आहे. तेथे या पदार्थाला ‘दोलमा’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच ‘भरलेले’ असा आहे. त्यांचा तेलातला, बिनमांसाचा दोलमा गार करून खातात. पण कांद्यावाचून तो होत नाही. तेव्हा आपल्या घरात तो आला तरी सोवळे नेसूनच आला पाहिजे.

उमरगा हा ज्वारीचा आणि तुरीचा मुलूख, अलीकडे सोयाबीनचा. भात येथे पूर्वी सणावारी शिजत असे. परंतु गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर असल्यामुळे किराणा-भुसाराच्या दुकानात तांदळाची पोती कधी कमी पडत नाहीत. तेलंगण-कर्नाटकातील सोना मसुरी, विदर्भातील कोलम. बाजारपेठेतील ज्या घराची ही हकीकत आहे, तेथेही पुढे दुकान आणि मागे घर अशीच मांडणी. त्या घरातील सासूबाई तांदूळ चिमटीत धरून दातांखाली एक दाणा फोडतात आणि तो नवा की जुना हे सांगतात. भरण्यासाठी त्यांना जुना कोलम लागतो. नवा तांदूळ चिकट होतो आणि मिरचीत त्याचा लगदा बसतो.

इतर घरांत हा पदार्थ उरलेल्या भातातून जन्मतो. येथे तशी सोय नाही. रात्रीचे शिजवलेले अन्न सकाळी चालत नाही, त्यामुळे फोडणीचा भात ही चीजच या स्वयंपाकघराला ठाऊक नाही. भात ताजा करायचा, आणि तोही मोजून, कारण उरला तर तो दुसऱ्या दिवसाच्या कामाचा नाही. आठ मध्यम मिरच्यांना एक वाटी तांदूळ. तो पाऊण शिजवून परातीत मोकळा करायचा. अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट, दोन चमचे तीळ, मूठभर किसलेले सुके खोबरे, धने-जिरे पूड, हिरव्या मिरचीचा ठेचा, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. तेलात जिरे आणि नेहमीपेक्षा अंमळ जास्त हिंग. कोथिंबीर मार्गशीर्षात चालते, चातुर्मासात नाही. अष्टमी-चतुर्दशीला मुळात हिरवी भाजीच होत नाही, तेव्हा पंचांग पाहिल्याशिवाय मिरच्या आणायच्या नाहीत. शेंगदाणा जमिनीखाली होतो म्हणून नवी पिढी कधी कधी सासूबाईंना पेचात पकडू पाहते; तो कंद नव्हे, बी आहे, एवढ्या उत्तरावर त्या वाद मिटवतात.

भाताऐवजी बेसन भरण्याची रीत महाराष्ट्रात अधिक. ती सोपी आहे, चवदारही आहे. या घरात मात्र भात भरण्याचे कारण दही. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, जेवणात दही लागते आणि कडधान्याबरोबर कच्चे दही म्हणजे द्विदल. दाण्यातून तेल निघते, म्हणून अनेक घरांत तो द्विदलात धरत नाहीत. या घरातही नाही. सुनेच्या मनात एकदा आले की मराठवाड्याचा येसर दोन चमचे घातला तर सारण कसे खमंग लागेल. घातलाही असता, पण येसरात हरभऱ्याची डाळ भाजून दळलेली असते हे तिच्याच लक्षात आले आणि डबा परत फळीवर गेला. येसर घातलेली मिरची दही नसलेल्या दिवशी होते, आणि खरे सांगायचे तर तीच जास्त चांगली लागते.

भरताना मिरची काठापर्यंत भरायची नाही. भात तिच्या रसात आणखी फुलतो. पसरट कढईत थोड्या तेलावर मिरच्या उभ्या लावायच्या, वर ताट, ताटात पाणी, मंद आच. पंधरा-वीस मिनिटांत साल सुरकुतते आणि घरभर एक गोडसर तिखट वास सुटतो.

हे सारे नंतरचे. आधी पाहणे. देठाकडचा भाग झाकणासारखा गोल कापून काढायचा, बिया काढायच्या आणि मिरची उजेडाकडे धरून आत नजर फिरवायची. फळ पोखरणारी अळी बहुधा देठाच्या बाजूने शिरते. बाहेरचे छिद्र कित्येकदा मोहरीएवढेही नसते. ती सापडली तर मिरचीच्या त्या तुकड्यासकट परसात सावलीला, ओलसर जागी ठेवायची. यालाच जयणा म्हणतात. कोणतीही भाजी न चिरता, आत न पाहता सबंध शिजवायची नाही, हा नियम त्यातूनच आला. पूर्वीच्या माळवदाच्या घरांत साण्यातून उतरणाऱ्या कवडशाखाली बसून बायका भाज्या निवडत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर या तालुक्यातील मातीच्या जाड भिंतींवरचा लोकांचा विश्वास उडाला. या घरानेही नवे बांधकाम केले, तेव्हा सासूबाईंनी एकच मागणी केली होती: ओट्यासमोर मोठी खिडकी.

त्या खिडकीशी उभे राहून मिरच्या तपासण्याचे काम गेली कित्येक वर्षे त्यांचेच. कापलेली झाकणे त्या ओळीने मांडतात, प्रत्येक झाकण आपल्या मिरचीपुढे. कारण दुसऱ्या मिरचीचे झाकण नीट बसत नाही. दुकानातल्या वहीसारखी ती ओळ असते.

पौषातल्या एका दुपारी सून सारण कालवत होती. तपासून ठेवलेल्या मिरच्यांतील एक तिने भरायला उचलली आणि आत, देठालगतच्या पांढऱ्या शिरेवर, हिरवी अळी हलताना तिला दिसली. सासूबाई पाणी गाळत होत्या. सुनेने काही न बोलता ती अळी परसात नेऊन ठेवली. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचे सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले होतेच. शस्त्रक्रिया लग्नसराईनंतर करायची असे त्यांनीच ठरवले होते. त्या दिवसापासून सून मिरच्या पुन्हा एकदा पाहू लागली, सासूबाई देवघरात गेल्या की. दोन आठवडे असे चालले. दुसरी अळी निघाली तेव्हाही ती गप्प राहिली. त्यात लबाडी नव्हती. ज्यांनी आपल्याला हे पाहणे शिकवले त्यांना ते आता दिसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

सांगावे लागलेच नाही. झाकणांची ओळ बदललेली होती. सासूबाईंनी एक झाकण बसवून पाहिले, ते बसेना, दुसरे पाहिले. मग हात थांबवून त्यांनी विचारले,

“किती सापडल्या?”

“दोन.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, आई.”

“माझं वाईट वाटणं त्या जीवापेक्षा मोठं झालं का गं?”

सुनेकडे उत्तर नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण शब्द मागे घेतला नाही. दोनच सापडल्या, आणि त्याआधी किती दिसल्याच नसतील, हा हिशेब त्या मनात करीत असाव्यात. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला त्या नेहमीपेक्षा बराच वेळ बसल्या.

तरी मिरच्या वेळेवर झाल्या. होणे भागच होते. त्या दिवसांत उमरग्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि बाजारातली गिऱ्हाइकी नेमकी त्याच वेळी चढते. चौविहार पाळणाऱ्या व्यापाऱ्याची खरी परीक्षा तेव्हाच असते. पाच वाजता अण्णा गल्ला मुलाच्या हाती देऊन आत येतात. ताटात भाकरी, एक मिरची, दही. घरात माणसे किती तेवढ्याच मिरच्या; दुसरी मागायची सोय नाही आणि उरण्याचा प्रश्न नाही. अण्णांनी झाकण उचलून बाजूला ठेवले, मिरची मोडली आणि आज हिंग जास्त झाला म्हणाले. हिंग नेहमीएवढाच होता.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी मुलाला बोलावून सोलापूरची तारीख घ्यायला सांगितले. लग्नसराईची मोठी खरेदी तोंडावर आहे, दुकानात माणूस लागेल, असे तो म्हणाला. “दुकान आठ दिवस तू आणि अण्णा सांभाळा,” एवढेच त्या बोलल्या.

तोवर पाहण्याचे काम सुनेकडे आले आहे. ती खिडकीशी उभी राहते, मिरची कापते, फिरवते, आत पाहते आणि ‘हं’ म्हणून पुढे सरकवते. त्या ‘हं’शिवाय सासूबाई मिरचीला हात लावत नाहीत. सारण त्या भरतात आणि झाकणेही त्याच बसवतात. कोणते कोणाचे, ते त्यांना बोटांना कळते.