साराजेवो ते पोतोचारी

साराजेवोच्या विमानतळावर आम्ही उतरलो ती 2024 च्या सप्टेंबरातली सकाळ होती. चहूबाजूंनी डोंगर, उतारावर लाल कौलांची घरे आणि त्यांतून वर आलेले सडपातळ मिनार. आम्ही दोघे आणि इस्तंबूलला शिकणारी आमची भाची, असे तिघे होतो. 1992 ते 1995 या काळात रत्नागिरीत जुम्याच्या नमाजनंतर बोस्नियाच्या मुसलमानांसाठी दुआ व्हायची. तेव्हा हा देश नकाशात शोधावा लागला होता. आता पाय त्याच्या जमिनीवर होते.

ज्या धावपट्टीवर आमचे विमान उतरले, तिच्याखालून एक भुयार गेले आहे. ते पाहायला आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. 1992 च्या एप्रिलपासून सर्ब फौजांनी शहराला वेढा घातला होता. जूनमध्ये विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात आला तो मदतीचे धान्य उतरवण्यासाठी, आणि अट अशी की तिथून कोणी आत-बाहेर जायचे नाही. धावपट्टीच्या एका अंगाला वेढलेले शहर, दुसऱ्या अंगाला मोकळा मुलूख. रात्री लोक जीव मुठीत धरून धावत सुटत, तर राष्ट्रसंघाचे सैनिक प्रखर दिवे टाकून त्यांना अडवत आणि परत पाठवत. त्या उजेडात डोंगरावरच्या नेमबाजांचे काम सोपे होई. मग 1993 च्या उन्हाळ्यात शहराने धावपट्टीखालून सुमारे 800 मीटरचे भुयार खणले. आता त्याचा थोडाच भाग चालता येतो, तोही वाकून. आटा, औषधे, जखमी, बंदुका, सगळे याच बिळातून गेले. आपल्याच राजधानीत शिरायला जमिनीखालून जावे लागलेला हा देश त्या वेळी संयुक्त राष्ट्रांचा रीतसर सदस्य होता. 22 मे 1992 रोजी त्याला सदस्यत्व मिळाले होते.

त्याहून चमत्कारिक गोष्ट शस्त्रबंदीची. 1991 च्या सप्टेंबरात सुरक्षा परिषदेने सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. बोस्निया स्वतंत्र झाल्यावरही ती उठली नाही. सर्ब बाजूकडे जुन्या युगोस्लाव्ह लष्कराचे रणगाडे आणि तोफा आयत्याच होत्या; बंदीची झळ बसली ती ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांना. राष्ट्रसंघाच्या त्या फौजेचे पहिले सेनापती भारतीय होते, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे. 1993 च्या मार्चमध्ये त्यांनी ती जबाबदारी सोडली.

शहरात ऐतिहासिक संग्रहालयामागे एक स्मारक आहे: गोमांसाच्या डब्याचा भला मोठा पुतळा. वेढ्यात मदत म्हणून असे डबे यायचे, आणि ते कुत्र्या-मांजरांनाही चालत नसत असे इथले लोक सांगतात. खाली लिहिले आहे की साराजेवोच्या कृतज्ञ नागरिकांनी हे आंतरराष्ट्रीय समुदायाला अर्पण केले आहे. भाचीने त्याचा अर्थ सांगितला तेव्हा आम्हाला हसू आले आणि मग आवरावेसेही वाटले.

आमच्या टॅक्सीच्या नंबरप्लेटवर जी अक्षरे होती ती रोमन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात. देशातल्या सगळ्या प्लेटवर अशीच मोजकी अक्षरे असतात, म्हणजे गाडी मुसलमानाच्या गावची की सर्बाच्या, हे वाटेत कोणाला कळू नये. ही युक्ती बाहेरच्यांची. झेंडाही तसाच. तिन्ही समाजांचे प्रतिनिधी एका झेंड्यावर येईनात, तेव्हा 1998 च्या फेब्रुवारीत ‘उच्च प्रतिनिधी’ या पदावरच्या स्पॅनिश गृहस्थांनी, कार्लोस वेस्तेनदोर्प यांनी, निळ्या कापडावर पिवळा त्रिकोण आणि तारे असा झेंडा ठरवून टाकला. राष्ट्रगीतालाही शब्द नाहीत, नुसती धून. शब्दांवर एकमत होत नाही. नोटांवर दोन बाजूंचे वेगवेगळे साहित्यिक आहेत, आणि या चलनाच्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर परदेशी होते.

हे सगळे 1995 च्या डेटन करारातून आले. अमेरिकेतल्या ओहायोच्या लष्करी तळावर तो ठरला, पॅरिसला सह्या झाल्या. त्याचे चौथे परिशिष्ट म्हणजेच या देशाची राज्यघटना. कोणत्याही संविधान सभेने ती घडवली नाही, लोकांनी तिच्यावर मत दिले नाही. देशाचे दोन भाग झाले: बोस्नियाक (म्हणजे इथले मुसलमान) आणि क्रोएट यांचे फेडरेशन, आणि सर्बांचे रिपब्लिका सर्प्सका. घटना न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपैकी तीन परदेशी, त्यांची निवड युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचे अध्यक्ष करतात. आणि सर्वांच्या वर तो उच्च प्रतिनिधी. 1997 पासून त्याला कायदा लादण्याचा आणि निवडून आलेल्या माणसाला पदावरून काढण्याचा अधिकार आहे. 2004 मध्ये पॅडी ॲशडाउन यांनी एका दिवसात सुमारे साठ सर्ब अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना घरी बसवले.

हे ऐकल्यावर आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘व्हाइसरॉय’. आपल्या माणसाला दुसरे काय सुचणार? गोरा साहेब येतो, वटहुकूम काढतो, आणि त्याला मत कोणी दिलेले नसते.

जुम्याची नमाज आम्ही गाझी हुसरेव-बेग मस्जिदीत अदा केली. सोळाव्या शतकातली ही मस्जिद, अंगणात हौज, बाहेर थोड्या अंतरावर लाकडी सबील आणि तिच्याभोवती कबुतरे. नमाजनंतर एक निवृत्त शिक्षक आम्हाला कॉफीला घेऊन गेले. तांब्याच्या जझव्यातली कॉफी आणि सोबत रहात लोकुम. (चेवापी आदल्या दिवशीच खाऊन झाली होती, आपल्या सीख कबाबची धाकटी भावंडे, मिरचीचे नाव नाही.) त्यांना आमचा व्हाइसरॉय शब्द आवडला. म्हणाले, “खरे आहे. आमचे पुढारी अवघड निर्णय घेतच नाहीत. त्यांना ठाऊक असते, शेवटी साहेब करील. मूल चाळिशीला आले तरी बापाच्या खिशातून पैसे काढते, तसे झाले आहे.” आम्ही विचारले, मग साहेबाला निरोप का देत नाही? त्यांनी कप खाली ठेवला. “निरोप द्या असे सगळ्यात मोठ्याने कोण ओरडते ते पाहा.”

ते नाव आम्हाला ठाऊक होते. मिलोराद दोदिक, रिपब्लिका सर्प्सकाचे तेव्हाचे अध्यक्ष. सार्वभौमत्व हा त्यांचा आवडता शब्द, आणि सेब्रेनित्सात वंशसंहार झालाच नाही हेही त्यांचेच म्हणणे. (उच्च प्रतिनिधीचे निर्णय धुडकावल्याबद्दल पुढे 2025 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची पदबंदी घातली.) शिक्षक पुढे म्हणाले की बाहेरच्यांनी लिहिलेल्या घटनेत यहुदी किंवा रोमा माणसाला राष्ट्राध्यक्ष मंडळासाठी उभेच राहता येत नाही; ती तीन आसने तीन समाजांची. 2009 मध्ये स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने हे चूक ठरवले. “बाहेरच्यांनी बांधले, बाहेरच्यांनीच चूक काढली. दुरुस्त करायचे काम आमच्याकडे आले, आणि ते तसेच पडून आहे.”

रविवारी पोतोचारीला गेलो. साराजेवोहून सुमारे तीन तास. ड्रायव्हर चाळिशीचा, मूळचा ब्रातुनाकचा. 1992 मध्ये आई त्याला घेऊन तुझलाकडे निघून गेली. मामा मागे राहिले आणि सेब्रेनित्साला गेले. कारण 1993 च्या एप्रिलमध्ये सुरक्षा परिषदेने सेब्रेनित्साला ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केले होते. डोंगर चढल्यावर पाट्यांवर सिरिलिक आधी येऊ लागली, झेंडे बदलले. हद्दीवर चौकी नाही, शिपाई नाही.

पोतोचारीत रस्त्याच्या एका बाजूला जुना बॅटरीचा कारखाना आहे. इथे राष्ट्रसंघाच्या डच तुकडीचा तळ होता. 11 जुलै 1995 रोजी सेब्रेनित्सा पडले तेव्हा हजारो माणसे इकडे धावत आली. काही हजार आत घेतली, बाकीची फाटकाबाहेर राहिली. दोन दिवसांत पुरुष आणि मुलगे वेगळे काढले गेले. तळाच्या आत असलेल्या सुमारे 350 पुरुषांनाही बाहेर जायला लावले. मामा त्यांत होते. आतल्या भिंतींवर सैनिकांनी खरडलेली अक्षरे अजून आहेत. ती वाचू नका, असे आम्ही भाचीला सांगितले, तिने वाचली. पुढे मातांनी दावा केला तेव्हा राष्ट्रसंघाला न्यायालयात खेचता येत नाही, त्याला कायद्याचे संरक्षण आहे, असा निकाल मिळाला. डच सरकारला मात्र 2019 मध्ये त्या 350 जणांपुरते दहा टक्के जबाबदार धरले गेले. आत राहू दिले असते तर वाचण्याची शक्यता तेवढी होती, असा हिशेब.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला कब्रस्तान. पांढऱ्या संगमरवरी निशाण्यांच्या रांगा टेकडीवर चढत जातात. शिळेवर 8372 नावे. आम्ही फातेहा पढलो. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग ड्रायव्हर सांगू लागला. ही जमीन सर्बांच्या भागात. आपल्या माणसांना इथेच पुरायचे असा मातांचा आग्रह, आणि इथली सत्ता ते होऊ देणे शक्य नव्हते. ऑक्टोबर 2000 मध्ये तेव्हाचे उच्च प्रतिनिधी वोल्फगांग पेट्रिट्श यांनी हुकूम काढून ही जागा कब्रस्तानासाठी राखून ठेवली. मय्यतींचेही तसेच. मारेकऱ्यांनी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून प्रेते दुसरीकडे हलवली होती, एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी. बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांच्या रक्तावरून ती जुळवली. जवळजवळ सात हजार जणांना त्यांची नावे परत मिळाली. मामांचे दफन दोनदा झाले. आधी जे सापडले ते पुरले. काही वर्षांनी आणखी हाडे ओळखली गेली, तेव्हा कबर पुन्हा उघडावी लागली.

आम्ही त्याला विचारले, तो परदेशी साहेब राहावा की जावा?

तो म्हणाला, “मी त्याला मत दिलेले नाही. ज्यांना दिले, त्यांच्याने ही जमीन झाली नसती.” थोडे थांबून समोरच्या कारखान्याकडे मान वळवली. “पण तेही साहेबच होते.”

अस्रची नमाज तिथल्या उघड्या मुसल्ल्यावर अदा करून आम्ही निघालो. ब्रातुनाकला त्याने डिझेल भरले. पंपावरच्या सर्ब माणसाने त्याला नावाने हाक मारली, दोघे पाऊस आणि आलुबुखाराच्या पिकाबद्दल बोलले, हात मिळवले. गाडी सुरू झाल्यावर भाचीने विचारले, ओळखीचा आहे का?

“शाळेत एका बाकावर बसायचो.”

युद्धात तो कुठे होता, असे तिने विचारले.

“ते मी त्याला कधी विचारलेले नाही,” तो म्हणाला, आणि वळणासाठी गिअर बदलला.