एक घर सरकलेली नावे

निपाणीजवळच्या आमच्या शेताचा उतारा १९५६ नंतर केव्हातरी नव्याने लिहिला गेला. त्यात आजोबांचे आडनाव नावाच्या जागी, नाव वडिलांच्या जागी आणि पणजोबांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसले. अक्षरे सगळी खरी होती. प्रत्येक नाव तेवढे एकेक घर सरकले होते. आजोबांनी आपल्या रिवाजाप्रमाणे आडनाव आधी सांगितले असावे आणि लिहून घेणाऱ्याने पहिला शब्द म्हणजे नाव असे धरले असावे. क्रमाचा हा संकेत कागदावर कोठेच लिहिलेला नसतो. सांगणाऱ्याने व ऐकणाऱ्याने तो आधीच मान्य केलेला असावा लागतो. वारसा नोंदीसाठी आमच्या वडिलांनी त्यापायी किती खेटे घातले, त्याची गणती नाही.

हे सारे आठवले ते यंदाच्या दिवाळीत. आमचा भाचा हौसेने एका छोट्या भाषेचा संकलक, म्हणजे कंपायलर, रचतो आहे. "मामा, जरा बघा की हे," म्हणून त्याने संगणक पुढे सरकवला. सी भाषेतल्या एका फंक्शनला हाक घातली की प्रोग्राम जागीच कोसळत होता.

त्याचा संकलक एलएलव्हीएमच्या मध्यम भाषेत लिहितो. २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि मुंबई आयआयटीचे पदवीधर विक्रम आडवे यांनी आरंभलेला हा प्रकल्प. मध्यम भाषा कोणत्याच यंत्राची नाही, अशी तिची ख्याती. आणि इथेच माणूस फसतो. ६४ बिटांच्या इंटेल जातीच्या यंत्रावर लिनक्समध्ये पहिला पूर्णांक आरडीआय या कप्प्यात द्यायचा, दुसरा आरएसआयमध्ये, असे सहा कप्पे ठरलेले आहेत. विंडोजमध्ये कप्पे चारच, आणि तेही आरसीएक्सपासून. शिवाय लिनक्समध्ये उत्तर १६ बाइटांहून मोठे असेल, तर ते ठेवायच्या जागेचा पत्ता हाक देणाऱ्यानेच गुपचूप पहिल्या कप्प्यात द्यायचा; मग बाकीचे सारे एक घर पुढे सरकतात.

भाच्याचे उत्तर २४ बाइटांचे, तीन पूर्णांकांचे. त्याने मध्यम भाषेत ते सरळ परत मागितले होते. पत्ता दिलाच नव्हता. त्यामुळे सी फंक्शनने पहिला आकडाच पत्ता समजून तेथे लिहायला घेतले. मध्यम भाषेची तपासणी मात्र निर्वेध पार पडली होती, कारण तिच्या दृष्टीने वाक्य शुद्धच होते. मुंबई आयआयटीत उदय खेडकरांनी ज्याची अंतर्रचना वर्षानुवर्षे शिकवली, त्या जीसीसीमध्ये हे रिवाज बव्हंशी मागच्या टप्प्यावर, यंत्राजवळ लावले जातात. एलएलव्हीएममध्ये सी भाषेचा बराचसा शिष्टाचार पुढच्या टप्प्याने, म्हणजे भाच्यासारख्यानेच, जाणून लिहावा लागतो. आम्हांला पहिली रीत अधिक दयाळू वाटते.

त्याने पत्त्याचा पहिला मानकरी जोडला आणि आकडे जागेवर आले. मग आम्ही कपाटातला जुना उतारा काढून त्याला दाखवला. "पणजोबांचंही एक घर सरकलंय की हो, मामा!" तो म्हणाला.

ती नोंद दुरुस्त होऊन आली, तेव्हा आमचे वडील हयात नव्हते. आता कोणत्याही अर्जात आम्ही प्रत्येक नावापुढे ते कोणाचे, हे लिहितो.