वहीची मागची पानं

अण्णा डायलिसिसवर गेले तेव्हा दोनशे पानी वही आणली. पुढून लिहायचं ते वार, वजन, बीपी, किती पाणी काढलं. मागून मी दुसरी नोंद ठेवत गेलो: अण्णांचं काय काय कमी झालं.

हिशेब. अण्णा एसटीत कंडक्टर होते. तीन फुल, दोन हाफ. पैसे तोंडी जुळायचे, सुटे आधीच हातात. परवा दूधवाल्याला शंभराची नोट दिली आणि परत किती घ्यायचे ते न सुचून दारातच उभे राहिले.

क्रम. माझ्यासाठी चहा ठेवायला उठले. गॅस पेटवला, पातेलं ओट्यावरच. डायलिसिसच्या रुग्णांत आखणी, एकाग्रता, विचाराचा वेग हे आधी मंदावतं. जुन्या आठवणी त्या मानाने टिकतात. सातारा-महाबळेश्वर गाडीचे थांबे अजून येतात: मेढा, केळघर, सगळे.

वाद. पेपर वाचून आईशी वाद घालायचे. आता आई म्हणेल त्याला ‘बरं’.

डायलिसिसच्या दिवसाची संध्याकाळ. दोन दिवसांत साठलेलं पाणी मशीन चार तासांत काढतं. बीपी उतरतं, मेंदूकडे जाणारं रक्तही घटतं. नेदरलँड्समधल्या २०१८च्या एका छोट्या अभ्यासात वयस्कर रुग्णांमध्ये ही घट सरासरी दहा टक्के निघाली. घरी आले की अण्णा भिंतीकडे तोंड करून पडतात.

दोष एकट्या मशीनचा नाही. मधुमेह आणि वाढलेल्या बीपीने मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच झिजलेल्या असतात. मशीन नसतं तर रक्तात साठणाऱ्या विषाने अण्णांची शुद्धच गेली असती.

एक गोष्ट गेली ते मात्र चांगलं झालं. १९७०च्या दशकात डायलिसिसचे काही रुग्ण अडखळत बोलू लागत, झटके येत, काही महिन्यांत दगावत. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या अ‍ॅलन आल्फ्रे यांनी त्यांच्या मेंदूत साठलेलं अॅल्युमिनियम दाखवून दिलं. ते पाण्यातून आणि रोजच्या औषधांतून जात होतं. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर पाणी लागतं. ते शुद्ध होऊ लागलं, औषधं बदलली आणि तो आजार जवळपास संपला. कुणीतरी नोंद ठेवली, कारण शोधलं, म्हणून संपला.

‘वयानं होतं असं’ म्हणत मी तीन वर्षं मागची पानं कुणाला दाखवली नाहीत. दाखवली तेव्हा डॉक्टरांनी डायलिसिसची वेळ अर्ध्या तासाने वाढवली. आता पाणी हळू काढतात, बीपी पूर्वीइतकं उतरत नाही. गेलेला हिशेब परत आलेला नाही.

तुमच्या घरी अशी वही असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना मागची पानंही दाखवा.