शहागडची ट्रंक

आगबोटींच्या जुन्या वस्तू जमविण्याचा आम्हांस नाद आहे. प्रवाशांच्या छापील याद्या, बोटीवरील जेवणाची पत्रके, सामानावर डकविलेल्या चिठ्ठ्या, असला ऐवज आम्ही मुंबईच्या चोरबाजारात पुष्कळ धुंडाळला. आमच्या घरात त्यास ‘रद्दी’ असे सुटसुटीत नाव आहे. परंतु अशा एका वस्तूसाठी शहागडास जावे लागेल, असे स्वप्नातही वाटले नव्हते.

संभाजीनगराहून बीडकडे जाताना गोदावरीच्या अलीकडे अंबड तालुक्यातील हे गाव लागते. पूल ओलांडला की गेवराईची हद्द. समुद्राचे येथे नावही नको. खुद्द गोदामाई पश्चिम समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावून त्याच्याकडे पाठ फिरविते आणि पूर्वेस निघून जाते. अशा गावच्या एका जुन्या वाड्यात विलायती ट्रंक असल्याचे आमच्या एका विद्यार्थ्याने कळविले आणि आम्ही एस.टी.त बसलो.

वाड्यातील काकू ऐंशीच्या घरातील. त्यांनी माजघरात भिंतीशी टेकलेल्या ट्रंकेतून गोधड्या काढल्या आणि अभिमानाने म्हणाल्या, “गुरुजी, आमचे मामंजी गांधीजींच्याच बोटीने विलायतेस गेले. ही त्यांची ट्रंक.”

ती बोट म्हणजे ‘राजपुताना’. गोलमेज परिषदेसाठी महात्माजी 29 ऑगस्ट 1931 रोजी तिच्यावरून मुंबईहून निघाले, तेही दुसऱ्या वर्गाने. आणि सोबत्यांनी आणलेले जास्तीचे सामान त्यांनी एडनहून परत पाठविले. तेव्हा ट्रंकेच्या बाबतीत त्यांचे काय मत पडले असते, हे सांगावयास नको.

ट्रंक भिंतीपासून ओढली तेव्हा मागच्या बाजूस चिठ्ठी सापडली. वर पी. अँड ओ. कंपनीची अक्षरे, खाली शाईने बोटीचे नाव, आडनाव आणि बंदर. शिवाय ‘प्रवासात लागणार नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा, म्हणजे ट्रंक बोटीच्या पोटात ठेवावयाची. बोट ‘राजपुताना’च. आमचे काळीज क्षणभर धडधडले. साल मात्र नव्हते. अशा वेळी बोटीचे आयुष्यच पंचांगाचे काम करते. ही बोट 1925 साली बांधली गेली, 1939 साली युद्धासाठी सरकारने घेतली आणि 13 एप्रिल 1941 रोजी आइसलंडच्या पश्चिमेस जर्मन पाणबुडीने बुडविली. म्हणजे चिठ्ठी त्या चौदा वर्षांतील.

पण बंदराच्या जागी ‘बॉम्बे’ लिहिले होते. विलायतेस निघालेल्या ट्रंकेवर मुंबईचे नाव कशाला असेल? चिठ्ठी परतीची होती. आणि गांधीजी तर ब्रिंदिसीहून ‘पिल्सना’ नामक इटालियन बोटीने निघून 28 डिसेंबर 1931 रोजी मुंबईस उतरले.

मग जाण्याची चिठ्ठी कोठे? झाकणावर तळहाताएवढा खरवडलेला डाग होता. काकू म्हणाल्या, मामंजी परतले तेव्हा त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि थोरल्या सासूबाईंनी ट्रंकही अंगणात ठेवून कढत पाण्याने घासली. बौधायनाने समुद्रगमन हे पातकांत गणले आहे खरे. ट्रंकेच्या पातित्याविषयी मात्र आमच्या वाचनात काही आलेले नाही. असो. त्या घासण्यात गेलेल्या चिठ्ठीवर कोणत्या बोटीचे नाव होते, हे आता कोण सांगणार?

घराण्याने आजवर जपलेली गोष्ट मोडावी की गप्प बसावे? परंतु पुराव्यावाचून बोलू नये, असे आम्ही मुलांना जन्मभर बजावीत आलो होतो. तेव्हा जे दिसले ते काकूंस सांगितले. त्या काही वेळ चिठ्ठीवरून बोट फिरवीत राहिल्या.

“म्हणजे ही परत येतानाची?”

“होय.”

“सासूबाईंनी तीन वर्षे वाट पाहिली होती त्यांची,” त्या म्हणाल्या.

चिठ्ठी मागून घ्यावी, या हेतूनेच आम्ही आलो होतो. तो शब्द काही तोंडातून निघाला नाही. वहीच्या पानावर तिची नक्कल उतरवून घेतली, ट्रंक पुन्हा भिंतीशी सरकविली आणि काकूंना गोधड्या आत रचावयास हात दिला.