गोडाचा बाजार, दूध आपले

पिकते तेथे विकत नाही, अशी म्हण आहे. शेतकऱ्याच्या घरात ती दर हंगामाला एकदा तरी निघते. संत्र्याला गिऱ्हाईक मिळाले नाही की निघते, डेअरीवर दुधाला फॅट लागली नाही की निघते. म्हण खोटी नाही, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. पिकले ते तसेच्या तसे न विकता त्याचे काही करून विकले तर काय होते, हे म्हणीत नाही. तेवढे पाहण्यासाठी मी यंदाच्या माघ महिन्यात मुंबईत आठ दिवस हिंडले.

हिंडण्याला कारण घडले ते आमच्या बचत गटाचे. आमचे गाव मंगरूळपीर तालुक्यात. पावसाने साथ दिली तर सोयाबीन नि तूर, ज्यांच्या विहिरीला पाणी त्यांच्या संत्र्याच्या बागा, आणि बहुतेक घरी एखाद-दुसरी म्हैस. गटात आम्ही चौदा जणी. सहा वर्षांच्या काटकसरीतून चाळीस हजार रुपये शिल्लक पडले होते. या पैशांचे करायचे काय, यावरून गटात दोन तट पडले. थंड पेयांच्या बाटल्या पुरवणारा एक माणूस गावात येऊन गेला होता. फ्रिज आमचा, पाटी आमची, तुम्ही फक्त माल भरा, असे त्याचे म्हणणे. अट एकच, त्या फ्रिजमध्ये दुसरे काही ठेवायचे नाही. तरुण सुनांना हे सोपे वाटले. जुन्या बायका म्हणाल्या, "ज्या फ्रिजमंदी घरच्या दह्याले जागा नाही, तो आपल्या काय कामाचा?"

शेवटी गटाची खजिनदार, आमच्या शेजारची सून, मला म्हणाली, "काकू, तुम्ही पुतणीच्या घरी बारशाले मुंबईले चालल्याच आहा, तं तिथले लोकं पैसे देऊन काय पेतात ते पाहून या. मंग ठरवू."

पुतणीचे बिऱ्हाड गिरगावात. बारसे आटोपले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या सासूबाईंना सोबत घेऊन मी बाहेर पडले. त्या जन्माने मुंबईच्या. कुठल्या दुकानात काय घ्यावे, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी मला प्रथम नेले ते पीयूष प्यायला. गिरगावात पणशीकरांचे आणि दादरला प्रकाशचे पीयूष प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणचे मी घेतले. पिवळसर, दाट, वर जायफळाचा वास. दोन घोट घेतले नि ओळख पटली. हे तर आपले श्रीखंडच, ताकात सैल केलेले! चक्का, साखर, वेलदोडा, जायफळ, केशर आणि ताक, यापलीकडे त्यात काही नाही. पीयूष म्हणजे अमृत. गाय व्याल्यावरच्या पहिल्या दुधालाही संस्कृतात हाच शब्द आहे. म्हणजे नावसुद्धा गोठ्यातलेच.

अडीच-तीन लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम किलोभर चक्का होतो. तो सैल करून पेल्यात ओतला की त्याच दुधाचे मोल कितीतरी वाढते. वाढलेल्या मोलात जागेचे भाडे आहे, नोकरांचा पगार आहे, विजेचे बिल आहे. दुकानदार फुकट खातो असे मी म्हणणार नाही. पण दह्याला आंबटपणा किती चढू द्यायचा, चक्का किती वेळ टांगायचा, ही जी मूळ कारागिरी आहे, ती आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे.

दुसरे दुकान बादशाहचे. महात्मा फुले मंडई, जिला मुंबईकर अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, तिच्यासमोर १९०५ सालापासून हे दुकान आहे. तिथला फालुदा नामांकित. उंच पेल्यात तळाशी गुलाबाचा पाक, त्यावर भिजवून फुगलेला सब्जा, मग पांढरी शेव, मग थंड दूध आणि डोक्यावर आइस्क्रीमचा गोळा. प्यावा की खावा हे कळत नाही, म्हणून नळीही देतात आणि लांब दांड्याचा चमचाही. फालुदा मूळचा इराणचा. तिथल्या शिराज शहरात आजही तो खातात, पण त्यात दूध नसते. पिठूळ सत्त्वाची बारीक शेव साखरेच्या पाकात नि गुलाबपाण्यात गोठवायची आणि वर लिंबू पिळायचे. हिंदुस्थानात आल्यावर त्याला दुधाची जोड मिळाली.

मी मात्र त्या शेवेकडेच पाहत राहिले. ही शेव मक्याच्या किंवा आरारूटच्या सत्त्वाची करतात, गव्हाच्या सत्त्वाचीही होते. गव्हाचे सत्त्व म्हणजे काय? तर आपल्या कुरडयांचा चीक! तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून गाळायचे, वरचे पाणी काढायचे, खाली बसलेला चीक शिजवायचा, इथपर्यंत सगळे तेच. आपण तो सोऱ्यातून उन्हात कापडावर पाडतो, फालुदावाला थंडगार पाण्यात पाडतो. आपले वाळून वर्षभर टिकते, त्याचे ओले राहून त्याच दिवशी विकते. फरक एवढाच.

तिसऱ्या दिवशी भेंडीबाजाराकडच्या बोहरी मोहल्ल्यात गेलो. तिथे ताज आइस्क्रीम म्हणून दुकान आहे, १८८७ सालापासूनचे. त्यांची ख्याती हाताने फिरवलेल्या आइस्क्रीमची. आपण ज्याला पॉट म्हणतो त्याला तिकडे सांचा म्हणतात. लाकडी बादली, मध्ये धातूचा डबा, डब्यात दूध, साई, साखर आणि फळांचा गर, भोवती फोडलेला बर्फ नि जाडे मीठ. मीठ का, तर नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली नेत नाही, आणि गोड घट्ट दूध गोठायला त्याहून जास्त थंडी लागते. बर्फात मीठ मिसळले की तो वितळू लागतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. त्यामुळे डबा शून्याच्या बराच खाली जातो. दांडा फिरवत राहिले की दुधात बर्फाचे खडे धरत नाहीत, मऊ लगदा होतो.

हे पाहिल्यावर माझ्या मनाने जो हिशेब सुरू केला तो परतेपर्यंत थांबला नाही. आमच्या गावी वीज कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नाही. फ्रिज असला तरी दुपारी तो नुसते कपाट होऊन बसतो. पॉटला वीज लागत नाही, मनगट लागते. आणि निंदण-खुरपण करणाऱ्या बायकांच्या मनगटाला कोणी कमी म्हणू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. पॉटमध्ये बर्फ डब्याच्या बाहेर असतो, खाण्यात जात नाही. सरबतात, गोळ्यात बर्फ पोटात जातो, आणि तो कोणत्या पाण्याचा याची खात्री नसली तर हगवण-कावीळ ठरलेली. महाराष्ट्रात २०१८ साली नियम झाला, की खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंग घालूनच विकायचा. तेव्हा जत्रेत सरबत पिताना बर्फाच्या रंगाकडे पाहावे. निळसर दिसला तर पेला परत करावा. पांढरा असला तरी पाणी कुठले, हे विचारायला लाजू नये.

परतायच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेला उसाचा रस प्यालो. पाटीवर नाव होते नवनाथ रसवंतीगृह. पुढच्या चौकात दुसरे, त्याचे नाव कानिफनाथ. ही नावे आपल्या वाशीम-अकोल्यालाही दिसतात. त्यामागची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात बोपगाव आहे, तिथे कानिफनाथांचे देवस्थान आहे. तालुका कमी पावसाचा. तिथल्या आणि आसपासच्या गावच्या शेतकरी कुटुंबांनी शेती पुरेना म्हणून गावोगावी रसाचे चरक मांडले आणि आपल्या देवाचे नाव पाटीवर लावले. चरकाला घुंगरू बांधले, म्हणजे गिऱ्हाइकाला ओरडून बोलवायला नको. कोणी मोठा भांडवलदार नव्हता. एकाने जम बसवला, मग पाहुण्याला बोलावले, पाहुण्याने भावाला. त्या रसवंतीच्या बाकड्यावर बसून मला वाटले, पुरंदरच्या दुष्काळी गावाला जे जमले त्याचा शंभरावा हिस्सा तरी आपल्याला जमायला हवा.

घरी आल्यावर गटाची बैठक भरली. मी सगळे सांगितले, आणि एक गोष्ट मुद्दाम सांगितली. तीनशे मिलीच्या गोड बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. पण फालुद्यातही ती कमी नसते. आपण केले म्हणून गोड काही औषध होत नाही. आज आमच्या गटातल्या तीन घरी मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. तेव्हा रोजच्या विक्रीला मठ्ठा नि ताक, आणि गोड हे सणा-जत्रेपुरते, असे मी सुचवले. संत्र्याच्या रसाचाही विचार निघाला. पण नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू होतो, त्यात बी चिरडली तर आणखीच. तो गिऱ्हाइकासमोर काढूनच द्यावा लागतो. आणि ऐन उन्हाळ्यात संत्रीही नसतात. म्हणून तो हिवाळ्यावर टाकला.

बाटल्यांच्या बाजूने बोलणाऱ्या सुनेने सरळ प्रश्न केला, "काकू, बाटली खराब होत नाही. दही खराब होते. नुकसान झालं तं कोन भरन?" प्रश्न बरोबर होता. म्हणून ठरले, की सगळे पैसे घालायचे नाहीत. फक्त नऊ हजारांत जमेल तेवढे करायचे, आणि आधी एका जत्रेत पाहायचे. तालुक्याला जाऊन अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी करून घेतली. अकोल्याहून एक जुना पॉट आणला, झाकणाचे स्टीलचे डबे घेतले.

चैत्रात रामनवमीला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला मोठी यात्रा भरते. बंजारा समाजाची ती काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि लांबलांबच्या तांड्यांवरून माणसे येतात. उन्हाचा पारा चाळिशीच्या आसपास. तिथे आम्ही दोन दिवस छोटे दुकान मांडले. आले, जिरे, कोथिंबीर घातलेला मठ्ठा, कैरीचे गुळाचे पन्हे, आणि दुपारनंतर पॉटचे आइस्क्रीम. पिण्याच्या पाण्याचे कॅन विकत घेतले, बर्फ फक्त पॉटभोवती वापरला. पेले धुण्याला दोन बायका वेगळ्या बसवल्या. दूध गटाने सभासदांकडूनच घेतले, डेअरीच्या दरापेक्षा लिटरमागे पाच रुपये जास्त देऊन.

पहिल्या दिवशी मठ्ठा दुपारी दोनलाच संपला. पन्हे निम्मे उरले, कारण त्याचा रंग पोरांच्या डोळ्यांत भरत नव्हता. पॉटचा दांडा फिरताना पाहायला मात्र पोरांचा गराडा पडला. एका म्हाताऱ्या आजोबांनी दोन पेले मठ्ठा पिऊन तिसरा मागितला नि म्हणाले, "पोरी, जिऱ्याचा वास घरचा आहे." शेजारच्या बाटल्यांच्या दुकानावर गर्दी आमच्यापेक्षा जास्त होती, हेही लिहिलेच पाहिजे. पण दोन दिवसांनी सगळा खर्च आणि प्रत्येकीची मजुरी वजा जाता गटाकडे तीन हजार चारशे रुपये उरले. रक्कम मोठी नाही. परंतु दुधाचे पैसे गावातच राहिले, मजुरी गावातच राहिली, आणि नफाही गावातच राहिला. बाटली विकली असती तर गावात राहिले असते ते फक्त कमिशन.

अजून पुष्कळ बाकी आहे. चिकाच्या शेवेचा एकीने प्रयोग केला, ती चिकट होऊन एकमेकींना धरली. पाणी आणखी थंड हवे, एवढे समजले. श्रावणात पुन्हा करून पाहू. लग्नसराईत मठ्ठ्याच्या दोन मागण्या आल्या आहेत, त्यातली एक कारंज्याची. ज्या सुनेला फ्रिज हवा होता, तिनेच आता वही घातली आहे. कोणत्या घरचे किती दूध, त्याचे काय केले, किती उतरले, लिटरला शेवटी काय हाती आले, हे ती रोज मांडते. उरलेले एकतीस हजार बँकेत आहेत, आणि वहीत एक वर्षाचे आकडे भरल्याशिवाय ते काढायचे नाहीत, असे सगळ्यांनी मिळून ठरवले आहे.